मापाड्याच्या घरचा साखरेचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो. साखरेचा. माझ्या पोटाला एक पोचा आहे आणि झाकण जरा हेकट आहे. उघडताना ‘टण्ण’ वाजल्याशिवाय ते राहतच नाही. या आवाजापायी एका भल्या माणसाची चोरी पकडली गेली, पण ते पुढे सांगतो.

शहरातल्या औरंगपुऱ्यात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. चतुराबाईंच्या आईने मला लेकीच्या रुखवतात मांडलं आणि मी लासूर स्टेशनला सासरी आलो. घरधनी तात्यासाहेब तिथल्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्यांनी आणलेलं धान्य मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. मापाडी पहिल्या मापाला कधी ‘एक’ म्हणत नाही. तो ‘लाभ’ म्हणतो आणि मग दोन, तीन असं पुढे जातो. तात्यासाहेबांचा ‘लाऽभ’ रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू जाई.

मी घरात आलो आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. साखर रेशनवर मिळायची, तीही नावाला. मी बहुतेक रिकामाच असे. त्याच वर्षी त्यांच्या मुलाचा, सर्जेरावाचा जन्म झाला. चतुराबाईंनी माझा तळ खरवडून आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. लोकांनी ती डोळे मिटून चघळली. पोट रिकामं असूनही त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

पुढे दिवस पालटले. सर्जेराव वाळूजच्या कारखान्यात लागला. शहर हर्सूलच्या अंगाने पसरत चाललं होतं, तिथे त्याने घर बांधलं आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. मी आता कायम काठोकाठ भरलेला! ओट्यावर माझी जागा अगदी पुढची. तात्यासाहेब चहात साखर घालताना मापाड्याच्या सुरात मोजत, “लाऽभ... दोन... तीन...” आणि नात संस्कृती टाळ्या पिटत असे. शेजारी मिठाची चिनी मातीची बरणी बसायची. खरं सांगतो, मी तिच्याशी फारसं बोलत नसे.

मग पुन्हा दुष्काळ आला. या वेळी साखर उदंड होती, पाणी मात्र नव्हतं. गल्लीत टँकर येऊ लागला. प्रत्येक दारात पिंप आणि पिंपाच्या तोंडाला गाळायला बांधलेलं फडकं. रांग लावायचं काम तात्यासाहेबांनी आपणहून अंगावर घेतलं. भर उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला घरोघरी विचारणा होई, पण तीही चहाचीच. कुणाच्या घरचं पाणी मागायचं, तर त्यांना संकोच वाटे. चहाला मात्र त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

घरीही तेच. चतुराबाई तांब्या पुढे करायच्या, तर हे म्हणायचे, “पानी पोरीला आन् सुनंला ऱ्हाऊ दे. माजं चहावर भागतंय.”

एके दिवशी टँकरपाशी त्यांना घेरी आली. समोरच्या घरात डॉक्टर नीरजा राहतात, त्यांचा दवाखाना औरंगपुऱ्यात आहे. त्यांनी येऊन रक्तदाब मोजला, तो चांगलाच चढलेला होता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं.

तात्यासाहेबांनी मीठ कमी नाही, पार बंदच केलं! बरणीची रवानगी कोपऱ्यात झाली. अळणी जेवण घशाखाली उतरेना, तेव्हा त्यांनी माझा आधार घेतला. वरणात साखर, भाजीत साखर, दह्यात तर विचारूच नका.

चतुराबाई कुरकुरल्या की ते ताठ मानेनं सांगत, “मला शुगर हाय का? न्हाय ना! तपासलंय रक्त. मंग साखरंला काय भ्यायचं?”

मला हे म्हणणं फारच पटलं. माझ्या वैभवाचे ते दिवस होते, मित्रांनो.

काही आठवड्यांनी नीरजाताई लघवीच्या तपासणीचा कागद घेऊन घरी आल्या. लघवीतून प्रथिनं जात होती. रक्तदाब तसूभरही उतरला नव्हता आणि पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता.

“काका, मीठ कमी केलंत ना?”

“कमी? बंद म्हंजी बंद!”

डॉक्टरांना कोडं पडलं. तेवढ्यात चतुराबाईंनी आग्रहाने जेवणाचं ताट पुढे केलं. नीरजाताईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या.

“काकू, हे वरण आहे की खीर?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला पहिल्यांदाच माझ्या जागेची लाज वाटली.

“काका, टँकरवाल्याने पाइप जोरात सोडला तर पिंपावरच्या फडक्याचं काय होतं?”

“इरतंय. फाटतंय बी.”

“मूत्रपिंडं म्हणजे तुमचं रक्त गाळणारं तसंच फडकं. दाब वाढला की ते विरत जातं. तुम्ही मिठाला धरलंत आणि साखरेला मोकळं सोडलंत. जास्तीची साखरही दाब वाढवते. रक्तातलं युरिक ॲसिड वाढवते, तुमचा अंगठा बहुधा त्यानेच सुजलाय. शुगरचा आजार नसला तरी हे होतं.”

तात्यासाहेबांचा आवाज खाली आला. “आन् फडकं फाटलंच तर?”

“मग रक्त गाळायला मशीन लागतं, काका. पण अजून ते नुसतं विरलंय. आत्ता हात आवरलात तर टिकेल. आणि तहान चहावर मारू नका, पाणी प्या.”

ते काही म्हणायच्या आत संस्कृतीने पेला भरून त्यांच्यापुढे धरला. “आजोबा, मला पाणी पण पाहिजे आणि तुम्ही पण.”

तात्यासाहेबांनी तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

मला माळ्यावर टाकलं गेलं. धूळ, जुनी छत्री आणि मी. बरणी पुन्हा ओट्यावर आली, पण तिच्यातूनही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच मीठ निघत होतं, हे पाहून मला थोडं बरं वाटलं.

एका दुपारी चतुराबाई आडव्या झाल्या होत्या. तात्यासाहेब स्टुलावर चढले. हळूच मला ओढलं, श्वास रोखून झाकणाला हात घातला आणि... टण्ण!

“कोन हाय तिकडं?”

“मांजर हाय!”

“मांजराला म्हनावं, झाकन नीट लाव. आन् जलमभर लोकाचं धान मापलं, आता सोताच्या चमच्याचं बी माप घे म्हनावं!”

तात्यासाहेब स्टुलावरच हसत सुटले. हसता हसता त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि पुन्हा काही ते माझ्या वाटेला गेले नाहीत. टँकरच्या रांगेत उभं राहताना ते बाटली बरोबर नेऊ लागले. आधी बिनसाखरेच्या चहाला तोंड वाकडं करायचे, नंतर दुसऱ्यांच्या चहाला नावं ठेवू लागले.

मग काही महिन्यांनी नीरजाताई नवा कागद घेऊन दारातूनच ओरडल्या, “काका, टिकलं तुमचं फडकं!” प्रथिनं पुष्कळ कमी झाली होती, रक्तदाबही ताब्यात आला होता. “गोळ्या आणि पथ्य सोडायचं नाही हं,” असंही त्यांनी बजावलं.

चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सुनेला म्हणाल्या, “माळ्यावरचा डबा काढ गं. चांगली बातमी हाय, हातावर साखर नको व्हय?”

चिंच लावून मला लखलखीत घासलं. सगळ्यांच्या तळहातावर एकेक चिमूट पडली. तात्यासाहेबांनी आपली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. थेट बहात्तरसारखे! इतकी वर्षं चमच्याचमच्याने मी त्यांच्या पोटात गेलो, पण माझी चव त्यांना लागली ती त्या दिवशी.

मित्रांनो, मला घरातून हाकलू नका, पण ओट्यावर राज्यही करू देऊ नका. चांगल्या बातमीला बोलवा, मी आनंदाने येईन. चिमटीत मावतो तेवढाच मी गोड असतो, हे या वयात मला कळलं.

तात्यासाहेबांनी डोळे उघडले आणि जुन्या सुरात म्हणाले, “लाऽभ!”

संस्कृती टाळ्या थांबवून पुढचा आकडा ऐकायला टपून बसली. तात्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे मिचकावले आणि माझं झाकण लावून टाकलं.

टण्ण!