दोघींची बॅग

मी एक बॅग बोलतेय. राखाडी रंगाची, चार चाकांची. खरं तर साडेतीनच म्हणा, कारण एका चाकाचं रबर केव्हाच निघून गेलंय. बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, छत्र्यांचा गठ्ठा आणि कुणाची तरी कुबडी यांच्यामध्ये मी पडून आहे. कुबडी विसरून माणूस बसमधून उतरतो तरी कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या दोघी मालकिणी मला विसरून कशा गेल्या, ते मात्र मी नीट सांगू शकते.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुकानात आम्ही बारा जणी एकाच साखळीत ओवलेल्या होतो. एके दिवशी दोघी बहिणी आल्या. थोरलीने माझी चेन दहा वेळा उघडली, दहा वेळा लावली. धाकटीने पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं, माझ्या पोटात उभं धरून पाहिलं आणि ओरडली, "ताई, बसतंय गं! अगदी मापाने शिवल्यासारखी आहे!"

ते पुस्तक म्हणजे त्यांचं कॉमिक. थोरली लिहायची, धाकटी काढायची. गोष्ट त्यांच्या वडिलांची होती. वडील एका अकरा मजली कचेरीत तीस वर्षं लिफ्टमन होते. लोखंडी जाळीचा दरवाजा ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा खाली उतरला होता. घरी जेवताना ते मोजक्या शब्दांत सांगायचे, आज चौथ्या आणि सहाव्या मजल्यामध्ये कोण रडलं, कोण आरशात बघून खोटं हसायची तालीम करत होतं. "लिफ्टमध्ये लोक खरं वागतात," ते म्हणायचे, "कारण लिफ्टमनला कुणी माणसात धरत नाही."

ते गेले आणि दोघींनी त्यांना कागदावर आणलं. धाकटी दिवसभर खिडकीपाशी बसून चौकटी आखायची, शाई भरायची. थोरली कचेरीतून आली की संवादांच्या फुग्यांत मजकूर बसवायची. "ताई, एवढं बोलायचे नाहीत गं बाबा. दोन शब्द काढ." "मग काय राहिलं?" "राहिलं तेवढेच बाबा." असं भांडण रोज चालायचं. आई पलंगावर बसून पानांना टाचण्या मारायची आणि म्हणायची, "आयुष्यभर तोंड उघडलं नाही, आता बघा कसे बोलतायत!"

मग आमचा प्रवास सुरू झाला. चार वर्षांत अकरा मेळावे झाले. कॉमिकवाल्यांच्या या मेळाव्यांना सगळे 'कॉन' म्हणतात. बसच्या टपावर, गाडीच्या बाकाखाली, धर्मशाळेसारख्या खोल्यांत मी राहिले. एका शहरात तर जिन्याचे चार मजले मला दोघींनी दोन बाजूंनी उचलून नेलं आणि मध्येच हसू आल्याने तिसऱ्या मजल्यावर खाली सोडलं. चाकाचं रबर तिथेच गेलं. मला त्याचं दुःख नाही.

कॉनमध्ये माझी जागा टेबलाखाली, चादरीच्या आड. तिथून तोंडं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. पण पाय खोटं बोलत नाहीत. दोन्ही पाय टेबलाकडे वळले की समजावं, हा वाचणार. एक पाय टेबलाकडे आणि एक रस्त्याकडे असेल, तर तो "वा, छान आहे हं" म्हणून जाणार. आणि "हे फुकट आहे का?" विचारणाऱ्याचे पाय तर थांबतसुद्धा नाहीत.

"हे तुम्ही हाताने काढता?" "हो." "कमाल आहे. माझी भाचीपण फार सुंदर काढते." पुस्तक खाली, पाय पुढे. धाकटीचं हसणं ऐकू यायचं, पण चपलेतला तिचा अंगठा आत दुमडलेला मला दिसायचा. एकदा कॉमिकमधल्या वीराचं सोंग घेतलेला, पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक जण माझ्यावर अडखळून पडला. त्याच्याभोवती फोटोसाठी एवढी गर्दी झाली, की तासभर आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

दहाव्या कॉनला तपकिरी, चकचकीत बुटांचा एक माणूस आला. एका मोठ्या प्रकाशनाचा संपादक. तो बराच वेळ उभा राहिला. त्याचे दोन्ही पाय टेबलाकडे होते, पण धाकटीच्या खुर्चीकडे नव्हते. थोरलीकडे वळलेले होते. "गोष्ट फार ताकदीची आहे," तो म्हणाला. चित्रांबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. धाकटी तेव्हा पाणी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा बूट निघून गेले होते आणि थोरलीच्या हातात एक कार्ड होतं. ते तिने माझ्या बाहेरच्या कप्प्यात सरकवलं. "कोण होतं गं?" "असंच. विचारत होता."

मी बॅग आहे. कप्प्यातलं कप्प्यात ठेवणं हाच माझा धर्म. पण त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी ओरडले असते.

त्यानंतर आठ महिन्यांनी अकराव्या कॉनला आम्ही सकाळीच पोचलो. हॉलच्या दारातच थोरलीचे पाय थबकले. समोर पुठ्ठ्याचा एक पुरुषभर उंचीचा लिफ्टमन उभा होता. तरुण, रुंद छातीचा, बाह्या दंडावर ताणलेल्या. जाळीचा दरवाजा तो एका हाताने उपटून काढत होता. तपकिरी बुटांच्या त्या प्रकाशनाच्या नव्या पुस्तकाची ती जाहिरात होती. वर मोठ्या अक्षरांत थोरलीचं नाव होतं, आणि खाली चित्रकार म्हणून भलत्याच कुणाचं.

धाकटी अगदी हळू म्हणाली, "ताई, बाबांचे खांदे असे नव्हते."

"मी पुढच्या महिन्यात सांगणार होते. हे एवढ्या लवकर आणतील, असं मला वाटलं नव्हतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस?"

"म्हणूनच नाही विचारलं." थोरलीचा आवाज चढला. "अगं, किती वर्षं आपण ही बॅग ओढायची? वीस जण वाचणार, त्यातले बारा आपल्या ओळखीचे! बाबा लोकांपर्यंत पोचावेत असं मला वाटू नये का? त्यांना चित्रं दुसरी हवी होती. मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही."

"बाबा कुठे पोचले? पोचला हा." धाकटीने पुठ्ठ्याकडे बोट केलं आणि माझा दांडा धरून ती आत गेली.

टेबल तिने एकटीने मांडलं. अकराच्या सुमाराला थोरलीला त्या प्रकाशनाच्या मोठ्या स्टॉलवर सह्या करायला बोलावलं. इथली तिची खुर्ची दिवसभर रिकामी राहिली. दुपारी दोन पाय आले, अगदी सरळ टेबलाकडे वळलेले. एका मुलीचे होते. तिने पुस्तक उघडलं, चार पानं चाळली आणि सहज विचारलं, "ही त्या लिफ्टमनची नक्कल आहे का?"

धाकटी म्हणाली, "हो."

एवढंच. त्या एका शब्दानंतर तिने उरलेली सगळी पुस्तकं माझ्यात भरली. नेहमी ती उभी लावायची, कडेला कड जुळवून. त्या दिवशी नुसती ओतली.

परतीची तिकिटं आधीच काढलेली होती, शेजारशेजारची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बस, नऊ तासांचा रस्ता. मी दोघींच्या पायांमध्ये होते. कुणी कुणाशी बोललं नाही. दुपारी थोरलीला डुलकी लागली आणि तिचा पाय घसरून माझ्यावर आला. धाकटीने तो ढकलला नाही. मला वाटलं, आता निवळेल. आम्हा सामानाला माणसांची फार खोटी आशा असते.

गाव आलं. दोघी उतरल्या, एक पुढच्या दाराने, एक मागच्या. मी तशीच राहिले. कंडक्टरने मला उचलून दारात आणलं आणि हाक मारली, "अहो ताई, ही बॅग कुणाची?"

दोघी वळल्या. दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट केलं. "तिची."

"अहो, मग कुणीतरी उचला की!"

थोरली रिक्षात बसली. धाकटी चालत निघाली. कंडक्टर थोडा वेळ मला धरून उभा राहिला, मग "काय माणसं आहेत" म्हणत त्याने मला बसबरोबर पुढच्या शहरातल्या या डेपोत आणून टाकलं.

महिन्याभराने आई आली. एकटी, दोन बस बदलून. इथल्या कारकुनाने वहीतून मान न काढताच विचारलं, "ओळख पटवा. आत काय आहे?"

"आमचे हे आहेत," आई म्हणाली.

कारकुनाने तेव्हा मान वर केली. तिने नीट समजावून सांगितलं. तो तसा वाईट माणूस नाही. त्याने मला खाली काढलं, उघडून दाखवलं. आईने एक पुस्तक उचललं, दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. "एवढं एक नेऊ का?"

"आजी, बॅगेवर दोन नावं आहेत. दोघींच्या सहीचं पत्र आणा, सगळीच न्या. त्याशिवाय मला एक कागदही देता येत नाही."

"दोघींच्या? एकाच कागदावर?"

"एकाच कागदावर."

आईने पुस्तक परत ठेवलं, इतर पुस्तकंही एकेक करून उभी लावली आणि चेन लावली. त्याला सात महिने झाले. ती आलेली नाही.

वर्ष भरलं की इथला नियम सरळ आहे. बॅग लिलावात, आतला कागद रद्दीत. मला कुणीतरी घेईल, माझ्यात कपडे भरेल. माझं काही अडत नाही. पण तुम्ही त्या दोघींपैकी एकीला ओळखत असाल, तर एवढंच सांगा: एकमेकींशी बोलू नका हवं तर, पण सही करा. घरी आई टाचण्यांचा डबा घेऊन बसली असेल आणि कागद कुणापुढे आधी धरावा, हे तिला कळत नसेल.