गारव्याचे दाणे

टायरच्या दुकानावरचा हॉल सकाळी सातलाच भरायचा. जिन्यापर्यंत माणसं, आणि प्रत्येकाचा हात छातीवर. चार-सहा दिवसांनी तीच माणसं निवलेल्या चेहऱ्यानं यायची. वर्षानुवर्षांची जळजळ गायब. तिथे पुड्या वाटणाऱ्या बाबांना लोक गारवाबाबा म्हणत.

“पोटात अग्नी कोणी पेटवला? तुमच्याच रागानं,” बाबा सांगत. “हे गारव्याचे दाणे. उपाशीपोटी गिळा, अर्धा तास मौन, मग जेवा. दाणा दाताखाली आला तर कृपा गेली. आणि सोडलेत, तर अग्नी दुप्पट भडकेल.”

भडकायचाही. एका मास्तरांनी सोडून पाहिलं, आठवड्यात रांगेत परत. मग काय, बाबांचं नाणं खणखणीत ठरलं.

माझी ताई लाँड्रीत इस्त्री करते. तिचीही जळजळ गेली. पण घास पाण्याशिवाय उतरेना, आणि दर महिन्याला ती सैल झालेले कपडे शिवणीत आत घेत होती.

“डॉक्टरकडे चल.”

“दुखत नाही तर कशाला? तुला मेलीला सगळ्यात खोट दिसते.”

मी तिच्या पुडीतले थोडे दाणे चोरून औषधाच्या दुकानात नेले. औषधवालीनं एक कॅप्सूल उघडून कागदावर ओतली. तेच पांढरे, मोहरीएवढे दाणे.

“ॲसिडिटीचं रोजचं औषध,” ती म्हणाली. “पोटातले आम्लाचे पंप बंद करतं. दाण्यावर लेप असतो, चावला तर पोटातल्या आम्लानं औषध वाया. जेवणाआधी अर्धा तास, हे खोक्यातल्या कागदावरच छापलंय. बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं की काही दिवस आम्ल उसळी मारतं. त्यात कोप कसला?”

“म्हणजे औषध वाईट?”

“चांगलं आहे हो. पण घास अडकतोय, वजन उतरतंय म्हणता ना? मग आधी दुर्बिणीनं तपासायला हवं. यानं जळजळ थांबते, आतलं दुखणं झाकलेलंच राहतं.”

पुडीतले आणि कॅप्सूलमधले दाणे शेजारी-शेजारी ठेवून मी हॉलमध्ये दाखवले.

“कंपनीनंच बाबांची नक्कल केली असेल,” मास्तर म्हणाले. सगळे हसले, माझ्यावर.

ताई हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “तुझं खरं असेल गं. पण आता सोडायची भीती वाटते. आणि तपासायचीही.”

मी समजावत राहिले. दोन महिन्यांनी पाणीही अडकलं, तेव्हा ती डॉक्टरकडे आली. डॉक्टर म्हणाले, “अन्ननलिकेच्या टोकाशी गाठ आहे. आधी यायला हवं होतं.” ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

दाणे खरे होते, उतारही खरा होता. म्हणूनच सांगते, गुण आला एवढ्यावर कुणाच्या पाया पडू नका. पुडीत काय आहे ते विचारा. सांगत नसेल, तर उठून या. तुमचं माणूस उठत नसेल, तर त्याचा हात धरून आणा, चिडलं तरी. मी हात धरला नाही. मला वाटलं, पटवून दिलं की पुरे.