बापानं पाहिलेला सामना

ब्रॅकनडेनच्या कोळसा खाणीत हट्टी माणसांना तोटा नव्हता, पण कथबर्ट स्टॉब्जपुढे सगळ्यांनी हात टेकले होते. त्याचा मुलगा रूबेन गावच्या क्लबाकडून पगार घेऊन फुटबॉल खेळायचा, डावा बचावपटू. एके वर्षी क्लबाला प्रेक्षकांच्या डोक्यावर पत्रे घालायची हुक्की आली आणि त्या पैशासाठी त्यांनी रूबेनला विकायला काढलं. तेही कुणाला? डोंगरापलीकडच्या वेल्सफर्डला! ज्यांचं नाव निघालं की आमची माणसं थुंकतात, त्यांना!

"नाही म्हण," कथबर्ट म्हणाला. "झक मारत ठेवतील तुला."

"तिकडे वरच्या वर्गात खेळतात, बाबा. नाव होईल."

"मग जा. मी त्यांच्या फाटकात पाऊल टाकणार नाही, आणि त्या शर्टात तुला बघणारही नाही."

रूबेन गेला. नावही झालं. कडेनं चेंडू घेऊन पळणारे भलेभले त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. बाप मात्र एकदाही फिरकला नाही. मग कसलं नाव आणि काय! दर मे महिन्यात, हंगाम संपला की, रूबेन वेल्सफर्डच्या साहेबांना विनवायचा, "मला घरी जाऊ द्या." दर मे महिन्यात ते त्याला ठेवून घ्यायचे. क्लबानं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळायचं नाही, असा कायदाच होता मेला. सोडलं ते गुडघे कुरकुरायला लागल्यावर. तोवर खाणीतल्या अंधारानं कथबर्टचे डोळे गेले होते. त्याला माणसं नुसती धुरासारखी दिसायची.

तरी तो आला. पुन्हा ब्रॅकनडेनच्या शर्टात आलेला रूबेन वेल्सफर्डविरुद्ध उतरला, तेव्हा शेजारच्या नेड पॅलिस्टरचा हात धरून म्हातारा डावीकडच्या कठड्याला टेकून उभा होता.

त्यांचा एक कोवळा पोरगा रूबेनला दोनदा चकवून गेला. नशिबानं गोल झाला नाही. कुठं उभं राहायचं ते रूबेनला सगळं कळत होतं, पाय पोचत नव्हते. गर्दी पेटली.

"अरे, काठी द्या याला!"

"नेड, शिव्या कुणाला रे?" बापाचा आवाज आला. रूबेननं वळून पाहिलं. नेडची नि त्याची नजरानजर झाली.

"त्यांच्या बचावपटूला, काका."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. तोंडाशी हात धरून तो गरजला, "ए रेड्या! घरी जाऊन चूल फुंक! आमच्या पोराकडं बघ, शीक जरा!"

आजूबाजूची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रूबेन पाठ फिरवून आपल्या जागेवर पळाला.

सामना संपला आणि कपडे बदलतानाच क्लबाच्या सेक्रेटरीनं त्याला सांगितलं, पुढच्या वेळेपासून त्याच्या जागी दुसरा खेळेल.

घरी चहा पिताना कथबर्टची कळी खुलली होती. "त्या रेड्याची मस्त जिरवली! आणि तुझं कुणी नावसुद्धा घेतलं नाही. बचावपटू चांगला असला की लोक त्याला विसरतातच."

"हो, बाबा."

"उगाच इतकी वर्षं घरात बसलो रे, मूर्खासारखा." म्हाताऱ्यानं चाचपत कप खाली ठेवला. "शनिवारी मला लवकर घेऊन जा. पुढची जागा धरू. नेशील ना?"

रूबेननं त्याच्या हाताशी पाव सरकवला.

"नेईन की, बाबा."