मर्यादेबाहेरची रजई

मी रजई बोलतेय. मऊ मऊ बोलेन अशी आशा ठेवू नका. माझी मुलायम बाजू कधीच विरली.

माझा कापूस शिरपूरजवळच्या चुडामण आबांच्या शेतातला. पिंजाऱ्याने तो पिंजला, लाल साटीनच्या कापडात भरला, सोनेरी काठ लावला आणि हाताने टाके घातले. काम संपल्यावर माझ्यावर तळहात दाबून तो म्हणाला, हिच्याखाली थंडी टिकायची नाही. बिचारा. हिच्याखाली कुणी झोपणारच नाही, हे त्याला काय ठाऊक!

आबांच्या बायकोने, सुगंधाबाईने, मला थेट लोखंडी पेटीत टाकलं. तिथे आधीच माझ्यासारख्या रजया डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडल्या होत्या. चांगल्या पाहुण्यांसाठी म्हणे. पाहुणे यायचे, जुन्या गोधडीत कुडकुडून परत जायचे. त्यांतला एकही या घराला पुरेसा चांगला वाटला नाही. दिवाळीच्या आधी आम्हाला ऊन दाखवायचे, शेजारणींना आम्हाला दाखवायचे, आणि पुन्हा झाकण बंद. माणसाला मेल्यावर पुरतात. आम्हाला शिवल्या शिवल्या पुरलं.

सत्त्याऐंशी साली शिरपुरात जैन साध्वींचा चातुर्मास होता. आबा जैन नव्हेत, पण कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यांत त्यांची ऊठबस, म्हणून व्याख्यानाला रोज पुढच्या रांगेत. घरी आल्यावर जेवताना तेच सगळ्यांना ऐकवायचे. साध्वी सांगत, आपल्याला लागतं किती ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यापलीकडचं धरून ठेवलं, तर ते कुणाच्या तरी अंगावरून ओढलेलं असतं. याला अपरिग्रह म्हणतात.

एके दिवशी भर सभेत आबा उठले आणि त्यांनी मर्यादेचं व्रत घेतलं. पुढच्या चातुर्मासापर्यंत घरात माणसांपुरतीच अंथरुणं, माणसांपुरतीच भांडी. उरलेलं गरजूंना. लोक धन्य धन्य झाले. आबांना नारळ आणि शाल मिळाली. सामान कमी करायचं कबूल केलं म्हणून घरात आणखी एक शाल आली, आणि त्या घरात कुणाला त्याचं हसूसुद्धा आलं नाही.

मग आबांनी डोकं चालवलं. मळ्यातल्या एका खोलीत त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठाकऱ्या राहायचा. सातपुड्यातला माणूस. बायको दगडीबाई पोटुशी होती. आबांनी आमची पेटी, खाटा, पितळी हंडे बैलगाडीत घालून त्या खोलीवर नेले.

"ठाकऱ्या, आजपासून हाई बठ्ठं तुनं शे," आबा म्हणाले.

सगळं आपलं झालं म्हणून ठाकऱ्या पाया पडला. आबांनी त्याला उठू दिलं आणि मग सगळं परत न्यायची अट सांगितली, "पन हात लावू नको. व्रत सरनं का मी परत ली जासू."

खोली भरली. त्यांच्या अंथरुणापुरतीही जागा उरली नाही. नवरा-बायको बाहेर ओट्यावर झोपू लागले. गावात आबांचा त्याग गाजत होता आणि त्या त्यागाचे मालक उघड्यावर पडले होते.

कार्तिकाची थंडी सुरू झाली तेव्हा दगडीबाई बाळंत झाली. पेटी आणि भिंत यांच्या फटीत. मुलगी झाली. डोंगरावरून वारं यायचं, पोरीचे ओठ निळे पडायला लागले. ठाकऱ्या आबांना भीत होता, नको नको म्हणत होता. दगडीबाईने ऐकलं नाही. तिने झाकण उघडलं आणि मला बाहेर ओढलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणाच्या अंगाची ऊब लागली. दुधाचा वास, रक्ताचे डाग. पोरीचे ओठ हळूहळू लाल झाले. पिंजारी खोटं बोलला नव्हता.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि साध्वी निघाल्या. अनवाणी, स्वतःचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर. पोचवायला गाव मळ्यापर्यंत चालत आला, सगळ्यांच्या पुढे आबा. खोलीसमोर दगडीबाई मला पांघरून उन्हात बसलेली. सुगंधाबाईने सोनेरी काठ ओळखला आणि आबांना कोपराने ढोसलं. आबांना राहवलं नाही, रजई कुणाची ते विचारून बसले.

"हाई रजई कोनी शे?"

"मनी शे, आबा," दगडीबाईने स्वतःची म्हणून सांगितलं. "तुम्हीच सांगं ना, बठ्ठं आमनं शे."

आबा अडकले. माझी म्हणावी तर भर गावात व्रत मोडतं, तिची म्हणावी तर रजई जाते. साध्वींनी उघड्या दारातून आतली पेटी, खाटा, हंडे पाहिले. ओट्यावरचं अंथरूणही पाहिलं. मग शांतपणे आबांना विचारलं, "दिलेल्या वस्तूची चौकशी कशाला करता?" आणि त्या चालू लागल्या.

मला वाटलं, म्हातारा आता तरी लाजेल. कसला लाजतो! लोक पांगले आणि संध्याकाळी गाडी आली. पेटी, खाटा, हंडे उचलून आबांच्या जावयाच्या गोदामात नेले. आता ते जावयाचे. व्रत शाबूत. ठाकऱ्याला मात्र वर्ष भरायच्या आत कामावरून काढलं. सुगंधाबाईने मला लांबूनच बघून सांगितलं, बाळंतिणीचा विटाळ घरात नको. म्हणून मी मागे राहिले. लक्षात ठेवा, आबांच्या अख्ख्या व्रतात खरोखर दिली गेलेली वस्तू मी एकटीच, आणि तीसुद्धा विटाळ म्हणून.

ठाकऱ्या आणि दगडीबाई मला घेऊन डोंगरातल्या पाड्यावर गेले. माझ्या रेशमासारख्या कापडावरून पोरीचं नाव रेशमा ठेवलं. तिच्यानंतर आणखी दोन पोरं माझ्याखाली वाढली. मी विटले, उसवले, धुरकटले. पण रोज वापरली गेले.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या फत्तेसिंगच्या घरी पोर झालं आणि पांघरायला काही नव्हतं. दगडीबाईने विळा घेतला, मला मधोमध कापलं, उघड्या कडेला टाके घातले आणि अर्धी तिकडे नेऊन दिली. तिने व्रत घेतलं नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. परत आली आणि चुलीवर भाकरी टाकायला बसली.

तर आता मी अर्धी आहे. मोठ्या माणसांनो, तुमच्या सभा, तुमचे नारळ, तुमचं त्यागाचं कौतुक तुम्हाला लखलाभ. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात एखादी पेटी असेलच. तिच्या झाकणाला कान लावा. आत माझ्या बहिणी आहेत, आणि बाहेर थंडी सुटली आहे.