बाणावरचा माणूस

कारभारी दत्तात्रेयपंतांनी वखारीच्या भिंतीवर कामाचा नकाशा टांगला, तेव्हाच नीराबाईनं विचारलं होतं, "ह्यात मी कुठं?"

पंत हसले. "यात माणसं काढत नाहीत, नीराबाई. कामं काढतात."

एका चौकटीत 'बोंबील सुकला', मग बाण. पुढच्या चौकटीत 'गोणीत भरला', पुन्हा बाण, शेवटी 'लाँच सुटली'. कसं सुटसुटीत, कुणाचा घाम नाही की वास नाही.

नीराबाई वाळवणाची मुकादम. पहिला बोंबील तिनं उतरवल्याशिवाय वाळवणाच्या मांडवाला कुणी हात लावायचा नाही, ही किनाऱ्याची रीत. त्या दिवशी आभाळ भरलेलं, माल ओलसर. ती हाताची घडी घालून उभी राहिली. लाँचनं भोंगा दिला आणि पंतांनी धोतर सावरत पहिला बोंबील स्वतःच ओढला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गोण्या भरल्या.

त्या मुंबईत उघडल्या आणि कुजल्या वासानं वखारीचा मालक शेठच इथवर आला. पंतांनी त्याला नकाशासमोर नेलं, 'सुकला'वर बोट ठेवलं. "चूक इथं झाली, शेठ. वाळवणात. बाई बदलायला हवी."

नीराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंत, सुकलो म्हनून बोंबील सवता सांगत आला का तुमाला?" मागं बायकांतली बायजा पदरात हसली. "शेठ, चौकटी झ्याक हायत. पर मधला बाण आपसूक चालत न्हाय. तिथं कुनीतरी 'भरा' म्हनतं. त्या दिवशी कोन म्हनालं, इचारा पंतांना."

शेठनं पंतांकडे पाहिलं.

"लाँच थांबत नाही, शेठ," पंत नकाशाकडे बघत म्हणाले.

"म्हंजी मानूस हुता तिथं," नीराबाई म्हणाली.

शेठ पक्का व्यवहारी. दोष कुणाच्या पदरी घालण्यापेक्षा पुढचा माल वाचवणं त्याला स्वस्त वाटलं. त्यानं 'सुकला'पुढच्या बाणावर एक नवी चौकट आखवली आणि आत लिहायला लावलं: नीराबाई. पंतांनी ते वळणदार अक्षरात, खुशीनं लिहिलं. पुढल्या खेपेला बोट ठेवायला हक्काची जागा झाली होती.

पुन्हा आभाळ आलं. लाँच भोंग्यावर भोंगा देत होती. पंत दोनदा घड्याळ बघून मांडवाशी आले, पहिला बोंबील ओढायला हात वर केला. नीराबाई पालथ्या टोपलीवर बसून पान लावत होती.

"हात खाली घ्या, पंत," ती म्हणाली. "नकाशात तुमी न्हाय."

लाँच रिकामी गेली.