सासूबाईंचा कान

ती कवळ्या तयार करायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर ती गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची, दात बसवायची आणि फोनवर "उद्या सकाळी नक्की देते" म्हणायची. कॉलेजात शिल्पकला शिकली होती. पण कुणी विचारलं तर लहानपणी गोवर येऊन गेल्यासारखं "हो, शिकले होते" एवढंच सांगायची. त्याचं दुःख नव्हतं. कशाचंच काही नव्हतं. लॅब, भाजी, मुलीचा अभ्यास, नवऱ्याचे हरवलेले मोजे, की दिवस संपला.

मग सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर पालथं पडून राहायचं. जेवायला उठलात तरी मान खाली. आणि जवळ कुणीतरी हवंच." नवऱ्याच्या ऑफिसात ऑडिट चालू होतं. रजा तिने टाकली.

पहिल्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून फोनवरूनच लॅबचं काम बघत होती.

"अगं, तो फोन बंद कर बाई. माझ्या डोक्यात वाजतोय," उशीत तोंड खुपसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"कामाचा आहे, आई."

"कवळीवाचून कुणाचा जीव जात नाही. फार तर पेज पितील."

तिने फोन बंद केला. मग काय करायचं ते तिला कळेना. टीव्ही लावला तर सासूबाई मान वळवणार. ती नुसती बसून राहिली. पर्समध्ये मेणाचा गोळा होता, तो हातात आला आणि बोटं आपोआप तो मळू लागली. समोर सासूबाईंचा कान होता. लांब पाळी, ओघळलेलं भोक, मागे तीळ. इतकी वर्षं एका घरात राहून तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

चहा गार झाला तेव्हा कान तयार होता. तिने तो सासूबाईंच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"तुमचा कान."

त्यांनी तो चाचपला. "चल! एवढा मोठा? तरीच घरातली कुजबुज मला ऐकू येते."

एरवी ती हसली असती. आत्ता तिचं लक्ष त्या मेणाच्या कानावरच होतं.

दुसऱ्या दिवशी कान पाहताना तिला वाटलं, हीसुद्धा कवळीच की. मापाबरहुकूम. तिने तो मोडला. त्या मेणातून पालथ्या पडलेल्या बाईची पाठ केली, खांद्यापाशी चढलेली, कमरेत खचलेली. ती सासूबाईंची नव्हती, कुणाचीच नव्हती. आनंद वगैरे झाला नाही. फक्त हात थांबायला तयार नव्हते. आठवडाभर ती पाठ पुन्हा पुन्हा मोडत, करत राहिली.

आठवडा संपला. डोळा ठीक होता.

"सुटलो बुवा!" रात्री जेवताना नवरा म्हणाला. "उद्यापासून तू मोकळी."

"हो," ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

"मोकळी कसली?" सासूबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तासभर मला पडायचंय. आणि हिने जवळ बसायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला तर काही बोलले नाहीत."

"डोळा तुझा होता का?"

ताटं हातात घेऊन ती उभीच राहिली. डॉक्टरांकडे सासूबाईंसोबत तीच गेली होती. असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आठवड्याचं काम साचलं होतं. मालक कुरकुरले, तरी ती वेळेवर निघाली. घरी आली तर सासूबाई पलंगावर पालथ्या.

"आई, आता सरळ झोपलात तरी चालतं."

"सरळ झोपले की मी बोलत सुटते. तू कर तुझं."

तिने दार लोटलं, फोन बंद केला. मेण घट्ट झालं होतं, मऊ व्हायलाच वेळ गेला. त्या दिवशी काहीच जमलं नाही. सासूबाई बारीक घोरू लागल्या. हातात गोळा धरून ती तासभर बसून राहिली आणि मग कुकर लावायला उठली.