एडनाची खुर्ची

नाताळच्या सकाळी सुलक्षणानं आयुष्यात पहिल्यांदा मेलेल्या पक्ष्याला हात लावला, आणि तोही साधासुधा नव्हे. जिच्या माहेरी अंडं उकडायचं तर अंगणात विटांची वेगळी चूल मांडत, तिच्यापुढे नॉटिंगहॅमच्या त्या स्वयंपाकघरात एक भलीमोठी टर्की पाय वर करून पडली होती.

तिचा नवरा पद्माकर हॉस्पिटलात होता. साहेबाच्या सणाला ड्यूटी कुणाची, तर देशी डॉक्टरची, हे सदुसष्ट साली न सांगताच ठरलेलं असे. निघताना तो म्हणाला होता, "अगं, जमेल ना तुला? म्हातारा असाच उपाशी राहिला तर हिवाळा काही काढायचा नाही."

म्हातारा म्हणजे त्यांचा घरमालक, मिस्टर हॅलम. गल्लीतल्या सगळ्यांनी यांचे चेहरे पाहून दारं लावली, तेव्हा हॅलमनं आणि त्याच्या बायकोनं, एडनानं, वरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. एडना सगळ्यांना 'डक' म्हणायची. माणसाला बदक काय म्हणायचं, असं सुलक्षणाला आधी वाटलं. मग कळलं, इथली मायेची हाकच तशी. ऑक्टोबरात एडना गेली आणि हॅलम चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आला. नाताळला काय खाल, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "एडना टर्की भाजायची." झालं, बाईसाहेबांनी पदर खोचला. म्हाताऱ्याला जगवायचंच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. या देशात तिच्याशी रोज दोन शब्द बोलणारं दुसरं होतं तरी कोण?

पदर लोण्यात बुडेल म्हणून तिनं दारामागचा एडनाचा एप्रन बांधला. सुरुवात कुठून करायची, हे मात्र ठाऊक नव्हतं. हळद लावावी, असं वाटून तिनं डबा उचलला. हातानं तो परत ठेवला. मग त्याच हातानं खालचा खण उघडला आणि मलमलीचं एक जुनं फडकं काढलं. त्या खणात फडकं असतं, हे तिला माहीत नव्हतं. बोटं टर्कीच्या पोटात शिरली आणि मान-काळजाची कागदी पुडी बाहेर घेऊन आली. पोटात पुडी असते, हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. फडकं वितळलेल्या लोण्यात भिजलं, पक्ष्याच्या छातीवर नीट पसरलं गेलं. गॅस भप्पकन पेटायचा तेव्हा एरवी ती दोन पावलं मागं उडी मारायची. आज काडी धरलेला हात हललासुद्धा नाही.

तिनं घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून चुकलीस म्हणणारे पुष्कळ भेटले. हात धरून दाखवणारं हे पहिलंच.

दुपार सरेपर्यंत बाहेर अंधारून आलं. घरभर वास सुटला आणि हॅलम टाय बांधून स्वयंपाकघरात आला. दारातच थबकला.

"तोच वास," तो म्हणाला. मग त्यानं ओव्हनजवळची खुर्ची ओढली. "इथं बस, लव्ह. एडना इथंच बसायची." सुलक्षणा हे नाव त्याच्या जिभेला कधी पेललंच नव्हतं.

सुलक्षणाला साताऱ्याचं सासर आठवलं. तिच्या थोरल्या जाऊबाई नवऱ्याआधी गेलेल्या, म्हणून पितृपक्षात त्यांची अविधवा नवमी असे. त्यांच्या नावानं गावातली एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिच्या तोंडून गेलेलीनं जेवायचं. काडीसारखी बाई त्या दिवशी पोळ्यांवर पोळ्या रिचवायची आणि पोरं तोंड दाबून हसायची. सासूबाई मात्र हसत नसत. ओटी भरून झाली की त्या सवाष्णीला उंबऱ्यापाशी उभी करत आणि तिच्या स्वतःच्या नावानं मोठ्यांदा हाक मारत. ती 'ओ' म्हणाली की मगच बाहेर जाऊ देत. "जेवायला बोलावली तिला परत पाठवायला नको?" असं त्या म्हणायच्या.

एडनाही नवऱ्याआधीच गेली. तिचं कुणी काही केलेलं नाही. आपण सवाष्ण आहोत, पुढं पान वाढलेलं आहे, मग बिघडलं कुठं? सुलक्षणानं कपाळावरचं कुंकू सारखं केलं आणि ती खुर्चीत बसली. मनात म्हणाली, "एडनाबाई, तुमच्या नावानं जेवते हं." आपल्याला उंबऱ्यावरून हाक कोण मारणार, हा विचार त्या भल्या बाईच्या मनाला शिवलाही नाही.

ती नुसते बटाटे खाणार होती. हॅलमनं टर्कीचे काप काढले, एक तिच्याही ताटलीत ठेवला आणि खाली मान घालून जेवू लागला. जेवू लागला! तिचे डोळे भरून आले. घास, आणखी घास, मग पुन्हा वाढून घेणं. ती बघतच राहिली, आणि भानावर आली तेव्हा तिची ताटली चाटूनपुसून रिकामी होती आणि हातात हाड होतं. मीठ जरा कमी पडलंय, तिला वाटलं, दरवर्षीसारखंच.

"एडना, ग्रेव्ही दे जरा," हॅलम म्हणाला.

तिनं दिली.

मनात कुठंतरी लांब एक उंबरा होता आणि त्याच्या आत एक बाई ताटकळत उभी होती. कुणीतरी तिला हाक मारणार होतं. कोणत्या नावानं, ते आठवेना. मग थोड्या वेळानं ती बाईही दिसेनाशी झाली, आणि तिनं उठून एक वाढलेली ताटली झाकून ओव्हनमध्ये उबेला ठेवली.

पुढचं दार वाजलं. ओव्हरकोटमधला एक सावळा तरुण थंडीनं हात चोळत आत आला.

"अगं, जमली की टर्की तुला!" तो म्हणाला.

ती पाठमोरी भांडी विसळत होती.

"अगं, ऐकतेस ना? दमली असशील, चल वर."

पद्माकरच्या घरात बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली, तो 'अगं' म्हणायचा आणि ती 'ओ' द्यायची, कधी काही अडलं नव्हतं. नावानं मारलेली एक हाक आत्ता पुरली असती. त्यानं तिसऱ्यांदाही "अगं" म्हणूनच पाहिलं.

एप्रनला हात पुसत ती वळली. त्याचं बोलणं तिला कळलं नाही, पण पोरगा सालस दिसत होता. वरचा भाडेकरू असणार. ओव्हनमधली ताटली काढून तिनं टेबलावर ठेवली.

"बसा, डक," ती इंग्रजीत म्हणाली. "किती थकलाय तुम्ही! आणि बायको कुठंय तुमची? ती नाही का येत जेवायला?"